खाण्यायोग्य भाग

६ जानेवारी, सोमवार

बारा मरळ हवे होते. शक्यतो सारख्या लांबीचे. मी एवढंच म्हणाले, तर करंजटोलीच्या बांधावर हशा पिकला.

"सारख्या उंचीचे काहून वं? वरातीत नाचवतं का त्याह्यले?"

ही प्रेमिलाबाई. चंपतराव मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि त्यांची ही बायको. म्हणजे खऱ्या अध्यक्ष ह्याच. चंपतराव जाळं ओढतात आणि मान डोलावतात.

मी हसले नाही. नमुने घेताना हसायचं नाही, हा नियम. पट्टी लावून एकेक मासा मोजला. मोजेपर्यंत बाई विळीवर बसून माझं निरीक्षण करत होत्या, मी माशांचं करते तसं.

त्यांचं बरोबर आहे म्हणा. ऑक्टोबरात पेपरात आलं — 'करंजटोलीच्या तलावात विषारी धातू'. वरच्या नाल्यावर मुलामा चढवणाऱ्या दोन शेड होत्या. बंद पडून तीन वर्षं झाली, पण त्यांनी सोडलेलं कॅडमियम गाळात बसलं आहे, ते कुठे जाणार? तहसीलनं मासेविक्री थांबवली. आमच्या लॅबचा अहवाल येईपर्यंत बंद. ऐन हंगामात. टोलीतली तीसेक घरं या तलावावर जगतात. आणि अहवाल म्हणजे मी, फक्त खाली सही लॅबप्रमुख साठवणे सरांची.

"पेपरवाल्यानं फोटो काढला न् गेला. मासा त्यानं हुंगलाबी नाही. तू सांग पोरी — तू खाशील का?"

"नमुने खात नसतात."

"मंग कोन खाते?"

"मशीन खातं."

"मशीनले तिखट किती टाकू?"

पुन्हा हशा. गाडी सुरू केल्यावर, हेल्मेटच्या आत, मीही हसले. तिथे कुणी बघत नाही.

७ जानेवारी

बाराही कापले. लॅबमधल्या पियुषकडे पाणी आणि गाळ, माझ्याकडे मासे. वाटणी त्यानंच केली — त्याला रक्त चालत नाही. मी सुरी उचलली की त्याला महत्त्वाचे फोन येतात.

सरांची पद्धत पक्की आहे. तहसीलच्या अहवालासाठी फक्त 'खाण्यायोग्य भाग', म्हणजे पाठीचं मांस. कल्ले, कलेजी, रक्त माझ्या पीएचडीसाठी. त्यांना हवं आहे माशात धातू किती आहे. मला हवं आहे धातूनं माशाचं काय केलं. मुंडकी आणि आतडी पिवळ्या पिशवीत, जाळायला.

पियुष फोनवर असताना त्याच्या टेबलावर एक रिकामी काचेची बरणी ठेवली. लेबल लावलं: 'पियुष. नर. अपरिपक्व.' दुपारपर्यंत त्याला दिसली नाही. सरांना दिसली. त्यांनी बरणी उजेडात धरून आत बघितलं, आणि परत ठेवली!

१० जानेवारी

हाताचा वास जात नाही. लिंबू झालं, कॉफी झाली, डेटॉल झालं.

आई: "रविवारी पाहुणे येऊन राहिले न् तुह्या हाताले बाजार लागला! हातमोजे घालून चहा देशील का आता?"

कल्पना वाईट नाही.

१२ जानेवारी, रविवार

पाहुणे आले. मुलगा प्रशिक, बँकेत आहे. सोबत त्याची आत्या. आत्यानं विचारलं, "काय करते बेटा तू?" खरं सांगायचं तर त्यांना 'रिसर्च' एवढंच ऐकायचं होतं. मी नीट सांगितलं. माशाची कलेजी काढते. वाळवते. बारीक करते. आम्लात विरघळवते.

आत्याच्या हातातला चिवडा बशी आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. बाबांनी कपात तोंड घातलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आईनं मला चिमटा काढला, पण तो आत्याच्या पायाला बसला.

प्रशिक म्हणाला, "नकार देणाऱ्यांनापण विरघळवता का?"

"अजून नमुना लहान आहे. सांगता येत नाही."

तो हसला. मी नाही. आई रात्री जेवताना बोलली नाही. म्हणजे भाजीशी बोलली. "या घरात कोणाले काही लाज आहे का वं, वांग्या?"

१७ जानेवारी, शुक्रवार

मांसाचे आकडे आले. कॅडमियम मर्यादेच्या आत. बाराही मासे. शिसंसुद्धा आत. पियुषनं सगळ्यांना तर्री-पोहे आणले. मी दोन प्लेट खाल्ल्या. एरवी एकच. अपवाद.

मग संध्याकाळी माझ्या स्लाइड बघितल्या.

कल्ल्याच्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली कंगव्यासारख्या दिसायला हव्यात. सरळ, मोकळ्या, सारख्या अंतरावर. ह्या वाकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, टोकं फुगलेल्या. कलेजीच्या पेशींत रिकामे फुगे. आणि रक्ताच्या पेशींत, मोठ्या केंद्रकाशेजारी एक बारीक ठिपका, चंद्राजवळ चांदणी असावी तसा. दिसायला सुंदर. अर्थ एवढाच की आत डीएनए तुटला आहे. स्वच्छ तलावातल्या मरळमध्ये असे ठिपके शोधावे लागतात. इथे मोजावे लागले.

म्हणजे मासा चपळ आहे, वजनदार आहे, बाजारात पहिला उचलला जाईल — आणि आतून झिजतो आहे.

सरांना दाखवल्या. ते म्हणाले, "मासा आजारी आहे. पण ज्याच्या ताटात पाठीचा तुकडा पडणार, त्याला काही होणार नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, दीक्षा. मिसळू नकोस."

बरोबर आहे. मिसळले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मात्र मिसळले. सगळं नीट लिहायला हवं.

अहवाल चांगला येतोय हे तोंडी सांगायला गेले. प्रेमिलाबाईंनी विळी टाकली, ओल्या हातांनी माझे दोन्ही गाल धरले. माशाचा वास आता गालांनाही. मग हुकूम सुटला: "आता तं खाशील! आता सोडत नाही तुले."

सुटका नव्हती. माझाच आकडा, माझंच ताट.

घरात त्या, चंपतराव आणि सून पिंकी. जितेंद्र, म्हणजे मुलगा, कामठीला पॉवरलूमवर असतो. पिंकीला पाचवा महिना. चेहरा फिका, पण जीभ सासूच्या तोडीची. "मॅडम, काटे मोजून खाता का तुमी?" म्हणाली. (मोजत होते.)

माझ्या ताटात पाठीचे चार जाड तुकडे. चव फार चांगली. कांद्याचं वाटण, जवसाचं कूट, रस्सा जिभेला झोंबणारा. तिसऱ्या तुकड्याला मान वर केली, तर बाकीच्यांच्या ताटात तुकडे नव्हतेच. चंपतराव मुंडकं चोखत होते. प्रेमिलाबाई कल्ले चावत होत्या. आणि पिंकीपुढे वाटीत कलेजी, तेलावर परतलेली, वर लिंबू.

"तुम्ही तुकडे नाही घेतले?"

"तुकडे गिऱ्हाइकाचे वं. धाब्यावाल्यायले, हॉटेलवाल्यायले तुकडे. मुंडकं न् कलेजी आपली. सिस्टर म्हणे पिंकीचं रक्त कमी हाय. कलेजीनं रक्त भरते. म्हणून आमच्या वाट्याचीबी तिलेच." मग त्यांना आठवलं: "तुमी लॅबात ह्या साऱ्याचं काय करता?"

"जाळतो."

"जाळता!" तिघंही जेवायची थांबली. प्रेमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "शिकून शिकून अशे होतेत काय लोक, माय!"

खूप हसले सगळे. मी चौथा तुकडा संपवला. चेहरा सरळ ठेवला. तो मला ठेवता येतो.

आम्ही जो भाग मोजला, तो हे लोक खात नाहीत. जो हे खातात, तो आम्ही मोजला नाही.

२२ जानेवारी

मशीन सकाळभर पियुषच्या गाळासाठी राखून ठेवलेलं. त्याला म्हटलं, तासभर दे. "काय चालवणार?" "कलेजी." "सरांनी सांगितलं?" "नाही." त्यानं विचार केला आणि म्हणाला, बरणीचं लेबल बदलशील तर देतो.

बदललं. 'पियुष. नर. परिपक्व (अंदाजे).'

कलेजीत कॅडमियम मांसाच्या चाळीसपट. पुन्हा चालवून बघितलं. एकोणचाळीस.

कॅडमियम पोटात गेलं की निघून जात नाही. मूत्रपिंडात बसतं, वर्षानुवर्षं. गरोदर बाईच्या वारेत (प्लॅसेंटात) साठतं. आणि जिच्या रक्तात लोह कमी, तिचं आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पाच गुणांना.

२४ जानेवारी, शुक्रवार

सरांना आकडा दाखवला. मशीन चोरून वापरल्याबद्दल आधी दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"हा आकडा अहवालात टाकला, तर परवा पेपरात काय येईल?"

"कलेजीत कॅडमियम."

"नाही. 'मासळीत विष'. कलेजी हा शब्द मथळ्यात बसत नाही. मग पाठीचा तुकडापण कोणी घेणार नाही. त्या तीस घरांचा हंगाम गेला. आणि नाही टाकला, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं अहवाल शंभर टक्के खरा."

"आणि त्या घरांच्या दृष्टीनं?"

शेवटी तळटीप ठरली: 'कल्ले, यकृत व आतडी वगळून.' सर म्हणाले, कागदावर एवढं होतं; गावात काय करायचं ते तू बघ. तुझी ओळख आहे.

तळटीप वाचणारी माणसं जगात किती असतील? मी. सर. पियुष, त्याचं नाव असेल तर.

२९ जानेवारी, बुधवार

बंदी उठली. पेपरातही आलं, आतल्या पानावर, चार ओळी. 'विष' पहिल्या पानावर होतं!

बांधावर गेले, सांगायचंच असं ठरवून. पाय ठेवला तेव्हा टोपल्या रिकाम्या होत होत्या. नागपूरचे दोन व्यापारी, कामठीचे चार, एक मौद्याच्या धाब्याचा. तीन महिन्यांनी. एक बाई विळीवर बसून गात होती. प्रेमिलाबाई मला बघून व्यापाऱ्यांना मोठ्यानं म्हणाल्या, "हे पाहा, हेच ते मॅडम! चार तुकडे खाल्ले यायनं माह्या घरी! इचारा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पाच." (चारच होते.)

पुन्हा हशा. आणि मी सांगितलं नाही.

कारणं लिहून ठेवते. एक — बांधावर बोललेला शब्द ऑटोच्या आधी कामठीला पोचतो. दोन — प्रेमिलाबाईंना एकटीला सांगायचं म्हणजे भोंगा लावायचा. तीन — सांगितलं की मग प्रश्न येतात, रडणं येतं, हात धरणं येतं. मला ते जमत नाही. नियम करणं जमतं.

घरी येताना इंदोऱ्याच्या सिग्नलला एक युक्ती सुचली. हिरवा दिवा लागलेला कळला नाही. मागच्यानं शिव्या घातल्या. योग्य.

१ फेब्रुवारी, शनिवार

युक्ती अमलात. गळ्यात ओळखपत्र, हातात पट्टी, चेहरा तहसीलदाराचा.

सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं: बंदी उठली, पण लॅबची देखरेख हंगामभर चालणार. रोज जेवढा मासा कापाल, त्याची मुंडकी, कल्ले आणि पोटातलं सगळं लॅबला जमा करायचं. घरचा असो, विकायचा असो. सगळं म्हणजे सगळं. आठवड्यातून दोनदा बादल्या पाठवायच्या. घरच्यांनी तुकडे खायचे.

"काहून?" एकीनं विचारलं.

"मशीनला लागतं."

"तुह्या मशीनचं पोट हाय का तलाव?"

प्रेमिलाबाईंनी मात्र बाजू घेतली. "अवं, मॅडमनं बंदी उठवली, मुंडकी मागून राहिली तं देऊन टाका! माह्या घरी आणून द्या सारं. मी भरून पाठवतो." आणि माझ्याकडे वळून, डोळा मारून: "गिऱ्हाइकाचे तुकडे आता घरी शिजतीन. राजे झालो आमी."

काम झालं. एक शब्दही खोटा नाही — मशीनला खरंच लागतं, फक्त इतकं नाही. कुणी घाबरलं नाही, कुणी रडलं नाही, टोपल्या भरलेल्या, आणि पिंकीच्या वाटीत कलेजी नाही. मी स्वतःवर खूश आहे. हे फक्त इथे.

५ फेब्रुवारी

पहिली खेप. ऑटोवाला धोंडबा सीताबर्डीला येतो, म्हणून व्हरायटी चौकात उतरवून घ्यायचं ठरलं. 'पन्नास टक्के सूट'च्या फलकाखाली उभी राहिले, हातात तीन झाकलेल्या बादल्या.

"मॅडम, सवाऱ्या उतरून गेल्या माह्या. एक बाई तं कामठीतच उतरली, भाडं न देता. म्हणे, मुडदा नेऊन राहिला का?"

झाकणातून एक मुंडकं बाहेर आलं होतं. शेजारी कुर्ते बघणाऱ्या दोन मुली फलक सोडून पलीकडे गेल्या. एक कुत्रा मात्र मेट्रोच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला आला.

वजन: अकरा किलो. म्हणजे अकरा किलो कुणाच्या पोटात गेलं नाही.

७ फेब्रुवारी

पियुष: "उघडून बघणार नाहीस?" बघायला काय आहे त्यात! वजन केलं, पिशव्या बांधल्या, जाळणाऱ्या गाडीत टाकल्या. त्यानं गाडीवाल्याला सांगितलं, ही मॅडमची माहेरची भेट आहे.

१२ फेब्रुवारी

सतरा किलो. गाडी सुट्टीवर. पिशव्या फ्रीजरमध्ये. आईस्क्रीम काढून ठेवावं लागलं. ते पियुषचं होतं.

खाऊन टाकलं.

१५ फेब्रुवारी

प्रशिकचा मेसेज: "नमुना वाढवायचा असेल तर मी पुन्हा येऊ शकतो. आत्याशिवाय." उत्तर दिलं नाही. (दोनदा वाचला.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रेमिलाबाईंचा फोन. त्यांना फोनवर ओरडावं लागतं असं वाटतं, त्यामुळे साऱ्या लॅबनं ऐकलं.

"मॅडम! पिंकीचं रक्त वाढलं वं! सिस्टर म्हणे, काय खाऊ घालून राहिल्या सुनेले? म्या म्हटलं, सासू हाय मी, सांगत नसतो!"

"लोहाच्या गोळ्या नीट घेतेय ना?"

"घेते न. पोट्टी गुलाबी दिसून राहिली. तू ये पाहाले. येतानी मशीनले जेवू घालून ये!"

छान वाटलं. गोळ्या काम करतात, युक्ती काम करते. आजची खेप एकोणीस किलो. दिवसभर पियुषला काहीच केलं नाही. तो घाबरला आणि खुर्ची तपासून बसला.

२७ फेब्रुवारी

फ्रीजर तुडुंब. जाळणारी गाडी आता आठवड्याला एकदाच येते. वास तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे लेखा विभागापर्यंत पोचला. तिथून मिनल मॅडम आल्या, नाकाला पदर. म्हणाल्या, इथे कुणी मेलं आहे का? मी म्हटलं, हो, साधारण तीनशे.

पियुष पहिल्यांदा गंभीर झाला. "यार, तू त्यांना सरळ काहून नाही सांगत? कलेजी खाऊ नका, बस. चार शब्द आहेत."

"सरळ सांगितलेलं पेपरवाले वाकडं छापतात."

"पेपरला नको सांगू. त्या बाईला सांग. तिला वाटते तू मुंडक्यांचं लोणचं घालते."

"नियम पाळतायत ना? मग कारण कशाला?"

तो खांदे उडवून गेला. मला वाद जिंकल्यासारखं वाटलं. नोंद: पियुषशी वाद जिंकणं हा पुरावा नव्हे.

३ मार्च, सोमवार

उत्तर दिलं प्रशिकला. "आत्या आल्या तरी चालतील. हातमोजे मी देईन." पाठवल्यावर फोन उलटा ठेवला.

४ मार्च, मंगळवार

पकडले गेले!

सर बर्फ शोधायला फ्रीजरकडे गेले. दार उघडलं. मग, "दीक्षा, हे काय आहे?"

सांगितलं. युक्ती, ओळखपत्र, पट्टी, सगळं. वाटलं, आता दहा मिनिटं ऐकावी लागणार. तर सर हसले. खरंच हसले, चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "तीस घरांना कॅडमियमपासून वाचवायला सरकारी थाटात मुंडकी जप्त केलीस! कोणती परवानगी, कोणता कायदा?" मी म्हटलं, ओळखपत्र खरं होतं.

मग ते शास्त्रज्ञ झाले. "आता एवढं आणलंच आहेस तर मोज. तलावभरचे मासे, वेगवेगळ्या तारखा. प्रत्येक खेपेची कलेजी वेगळी काढ. चांगला लेख होईल. पिंकीचं आता सांगून टाक त्यांना, हंगाम मार्गी लागला आहे."

"होळी झाली की सांगते. सांगायची गरज तशी उरली नाही."

फ्रीजरमध्ये शेवटच्या सहा पिशव्या. रात्रभर बाहेर ठेवल्या, उद्या उघडते. पियुषनं उद्याची रजा टाकली आहे. कारण: 'महत्त्वाचे फोन'.

५ मार्च, बुधवार

पहिल्या पिशवीत मुंडकी. कल्ले. आतडी, पित्ताशय, अंडी. कलेजी नाही.

वाटलं, चुकून. दुसरी उघडली. तिसरी. सहाही. प्रत्येक माशाच्या पोटातलं नीट सुटं केलेलं, विळीचा एकच स्वच्छ काप, पित्ताला धक्का न लागता. कलेजी एकही नाही.

बाकी सगळ्या बायका आपापलं तसंच आणून देत होत्या. भरायचं काम प्रेमिलाबाईंकडे. मी जाळते, हे त्यांना माझ्या तोंडूनच कळलेलं. आणि का मागते, ते मी कधीच सांगितलं नाही.

जवळपास पाच आठवडे. तीस घरांची कलेजी पिंकीच्या एका वाटीत. मीच गोळा करवून दिली.

प्रेमिलाबाई फोन उचलत नाहीत. बाजाराची वेळ आहे, सगळ्या बांधावर असतील. व्यापारीसुद्धा.

असू देत. तिथेच सांगणार, मोठ्यानं.